मेदुप मुका झाला तेव्हा

११ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी मेदुप बोलेनासा झाला.

लॅपटॉप उघडला तर एक चौकट आली. बोलक्याने वाचून दाखवलं, "मेदुपची नवी आवृत्ती आली आहे. बसवायची का?" मी हो म्हटलं. नव्याला उगीच कोण नाही म्हणतं? आता मेदुप उघडला की बोलका म्हणतो, "मेदुप. खिडकी," आणि दातखीळ बसल्यासारखा गप्प. खालचा बाण दाबला, गप्प. अक्षरं टाइप केली, गप्प. लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी गप्पच.

बोलका म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारं माझं सॉफ्टवेअर. तो बँकेत बोलतो, बातम्यांत बोलतो, फक्त मेदुपमध्ये तोंड उघडत नाही. आणि मेदुप हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर, माझे सगळे प्रोग्रॅम मी त्यातच लिहिते. मग आजारी कोण? बोलका की मेदुप? की मीच काही भलतं दाबलं?

मला काहीच कळत नाहीये, म्हणून आजपासून हे लिहायला घेतलंय. बोटांखालच्या ब्रेलमध्ये तरी काय झालं ते क्रमाने राहील.

डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणाले होते, "अंगठ्यांच्या बुडाचे सांधे झिजलेत. मालिश बंद. दुसरं काही काम बघा." जणू दुसरी कामं दारात रांग लावून उभी आहेत. इतकी वर्षं जॉन्जू शहरातल्या लोकांच्या पाठी दाबल्या, त्याशिवाय मला येतं काय? म्हणून आंधळ्यांच्या कल्याण केंद्रात पायथन, प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकायला लागले. २४ नोव्हेंबरला देजॉनला परीक्षा आहे. वेबसाइट आंधळ्यांना वापरता येतात का हे तपासणारी एक कंपनी शिकाऊ उमेदवार घेणार आहे. आपला लॅपटॉप न्यायचा आणि त्यांच्यासमोर प्रोग्रॅम लिहायचा.

मुक्या मेदुपवर काय लिहिणार, कपाळ?

१४ सप्टेंबर, गुरुवार

मेदुप वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे लिहिलं, "नवी आवृत्ती बसवल्यापासून मेदुप बोलत नाही. काय करू?"

पहिलं उत्तर: "एडिटर कधीपासून बोलायला लागले? माझा फ्रिज गातो, त्याचं काही होईल का?" दुसरं उत्तर बटाट्याचं धिरडं नावाच्या एका विद्यार्थ्याचं: "स्क्रीनशॉट टाका ना."

टाकला. तर म्हणे, "ताई, हा कोबीच्या भावाच्या बातमीचा फोटो आहे." कोबीची किमची घालायचे दिवस जवळ येतायत, त्यामुळे कोबीवर तासभर चर्चा रंगली. मेदुप राहिला बाजूला.

शेवटी लिहिलं, "मला दिसत नाही. जन्मापासून." त्यावर सगळे इतके गोड बोलायला लागले की दात आंबले. एकाने कळवळून लिहिलं, "घाबरू नका, वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल चिन्ह दिसेल, ते दाबा." दिसेल!

तेवढ्यात दोलदाम आले. दोलदाम म्हणजे दगडी कुंपण, कट्ट्यावर खरं नाव कुणी लावत नाही. मेदुप यांनीच बनवलाय. त्यांनी एवढंच लिहिलं: "आवृत्तीचा क्रमांक. तुमच्या स्क्रीनवाचकाचं नाव. कोणती कळ दाबल्यावर काय ऐकू येतं ते शब्दशः." कुठे दया नाही, धीर देणं नाही. मला फार बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

एकाने सल्ला दिला, दुसरा एडिटर घ्या, जगभर लोक तोच वापरतात. दुपारभर खपून बसवला. तो बोलतो, पण आमच्या कोरियन भाषेचं अक्षर फोडून फोडून. शब्द वाचायच्या ऐवजी त्याची हाडं मोजून दाखवतो. एक ओळ ऐकता ऐकता वरचं विसरले. काढून टाकला.

कट्ट्यावर त्यावरून दोन पक्ष पडलेत. हा एडिटर श्रेष्ठ की तो. तीन पानं भांडण, त्यात माझं नावही कुणी घेत नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

दोलदाम यांनी तपासायला एक नवी प्रत पाठवली. ती बसवायला गेले तर बोलका म्हणतो, "बटण. बटण. बटण." तीन बटणं आणि एकालाही नाव नाही. मधलं दाबलं. मेदुप पुसला गेला.

दोलदाम यांना कळवलं. त्यांचं उत्तर: "चूक माझी. बटणांना नावं देतो. फोन केला तर चालेल का? तुमच्याकडे काय ऐकू येतं ते ऐकायचंय."

फोन आला. पन्नाशीचा आवाज, दर वाक्याआधी घसा साफ करणारा. अर्धा तास आम्ही दोघं "बटण, बटण" ऐकत बसलो. ठेवताना म्हणाले, "एक विचारू? चहा ओतताना पेला भरला हे तुम्हाला कसं कळतं?"

"आवाजावरून. भरत आला की आवाज बारीक होतो. आणि नाहीच कळलं तर बोट असतंच की काठावर."

"चटका बसत नाही?"

"बसतो. मग बोट काढते."

ते "अच्छा" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मेदुपचा आणि चहाचा काय संबंध?

१ ऑक्टोबर, रविवार

सुगीच्या सणाची सुट्टी. वोलसून ओन्नी सोंगप्योन, सणाच्या तांदळाच्या वाफवलेल्या करंज्या, घेऊन आली. ती आमच्या मालिश केंद्रातली सगळ्यांत जुनी, म्हणून आम्हां सगळ्यांची ओन्नी, थोरली बहीण. तिला उजेड-अंधार तेवढा कळतो, आणि बाकीच्याचा ती अंदाज बांधते.

तिला दोलदाम यांचे प्रश्न सांगितले. आता रोज एक असतो. रस्ता ओलांडताना भीती वाटते का? बाजारात कुणी आपल्याकडे टक लावून बघत असेल तर कळतं का? पहिल्यांदा पांढरी काठी घेऊन बाहेर पडताना लाज वाटली का? मी म्हटलं होतं, "मी सहा वर्षांची होते, काठी माझ्याहून उंच होती. मला वाटलं, तलवार मिळाली." त्यावर ते नुसता घसा साफ करत राहिले.

"पुस्तक लिहीत असेल आंधळ्यांवर," मी म्हटलं. "नाहीतर आपली गंमत बघत असेल."

"अगं खुळे," ओन्नी म्हणाली, "पुरुषमाणूस विनाकारण रोज फोन करतो आणि तू चहा कसा ओततेस ते विचारतो, याला काय म्हणतात ते मी सांगायला हवं का तुला?"

"काहीतरीच!"

"काहीतरीच नाही. माझा मेलेला नवरा मला विचारायचा, कांदा कसा चिरतेस. लग्नानंतर एक कांदा आणून दिला नाही मेल्याने."

मी हसले. पण ती गेल्यावर फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. एकोणचाळिसाव्या वर्षी हे काय?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

कट्टा पेटलाय. नव्या आवृत्तीत अक्षरं म्हणे ढब्बू झालीत आणि मागची बाजू काळीकुट्ट. "आजोबांसाठी बनवलाय का?" "पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं." सगळे म्हणतायत, जुनी अक्षरं परत द्या. आणि एकाने माझ्यावर घसरून लिहिलं, "एका बाईसाठी सगळं काम अडलंय."

मी दोलदाम यांना म्हटलं, "मी दुसरं काहीतरी बघते. तुम्हाला माझ्यामुळे बोलणी नकोत."

"तुमच्यामुळे नाहीत," ते म्हणाले. "ती अक्षरं मला हवी तेवढी मोठी करता येत नव्हती. म्हणून संगणकाला लिहायला सांगायचं सोडून मीच एकेक अक्षर चित्रासारखं काढायला लागलो. तुमच्या वाचकाला तिथे अक्षरं सापडतच नाहीत, नुसतं चित्र असतं. मी मोठं केलं आणि तुमचं तोंड बंद झालं."

"मग पूर्वीसारखं करा. लोकही तेच मागतायत."

"मोठी अक्षरं राहतील." आवाज एकदम करडा. "दोन्ही जमवतो. वेळ द्या."

एवढा हट्ट कशाला? आणि ती मोठी अक्षरं नक्की कुणाला हवीत? विचारलं तर म्हणाले, "असतात काही लोक."

२१ ऑक्टोबर, शनिवार

बटाट्याच्या धिरड्याने फोन केला होता. पोरगा चांगला आहे, पहिल्या दिवशी स्क्रीनशॉट मागितल्याबद्दल अजून वाईट वाटतं त्याला. आज देजॉनला कट्ट्याची बैठक होती. म्हणाला, "दोलदाम साहेब हल्ली उजेड असेतो बसतात. अंधारायला लागलं की बूट घालून पसार! पूर्वी आम्हाला घरोघर सोडायचे, आता गाडीसुद्धा विकली. वय झालं की माणूस कंजूष होतो का हो?"

मला वाटतं घरी कुणी म्हातारं आजारी असेल. ओन्नी म्हणते, "लग्नासाठी पैसा साठवतोय." तिला काही सांगायची सोय नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

अजून मुकाच. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, परीक्षेचा अर्ज मागे घ्यायचा असेल तर या आठवड्यात सांगा. घेतला नाही. शहाणपणा केला की मूर्खपणा, देव जाणे.

६ नोव्हेंबर, सोमवार

नवी प्रत आली. बटणांना नावं होती. "पुढे." "पुढे." "बसवा." मधेच बोलका म्हणाला, "एक भाग सापडत नाही." दोलदाम फोनवर होतेच. तो भाग त्यांनी पाठवला, मी तो चुकीच्या जागी ठेवला, मग बरोबर जागी ठेवला. मेदुप उघडला.

"मेदुप. खिडकी," बोलका म्हणाला.

आम्ही दोघं थांबलो.

"ओळ एक. रिकामी."

मी ओरडले असेन. शेजारच्या बाईने भिंतीवर थाप मारली. मी भराभर टाइप करत सुटले आणि बोलका प्रत्येक अक्षर, प्रत्येक कंस बोलत सुटला. फोनवरून दोलदाम म्हणाले, "काय हा वेग! तुम्हाला हे कळतं?"

"सवयीने. तुम्हाला नुसती कुरकुर ऐकू येत असेल."

"शिकायला किती दिवस लागतात?"

"तुम्हाला कशाला शिकायचंय?"

"चाचणीसाठी," ते म्हणाले. घसा साफ केला. "पुढच्या चाचण्यांसाठी."

किती कष्टाळू माणूस. एवढं कोण करतं?

१५ नोव्हेंबर, बुधवार

दोलदाम म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी देजॉनमधल्या सोदेजॉन स्टेशनवर येतो. मेदुपने ऐनवेळी दगा दिला तर मी जवळ असलेला बरा. दुपारची गाडी घ्या, संध्याकाळी मी बाहेर पडत नाही."

ओन्नीने लिपस्टिक आणून दिली. "कुठला रंग आहे?" मी विचारलं. "मला काय विचारतेस? दुकानदारीण म्हणाली, चांगला आहे." दोन आंधळ्या बायका आरशासमोर. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

गाडी वेळेवर पोचली. ठरल्याप्रमाणे तिकीट खिडकीपाशी जाऊन काठी पुढ्यात धरून उभी राहिले. माशाच्या वड्यांच्या रश्श्याचा वास, लोकांची जा-ये. कुणी हाक मारेना. बराच वेळ गेला. परीक्षेची वेळ जवळ येत होती. मला वाटलं, आले असतील, लांबून मला बघून परत गेले असतील. ओठांवरची लिपस्टिक जड वाटायला लागली.

शेवटी फोन लावला. घंटा माझ्या कानात वाजली, आणि माझ्या डावीकडेही वाजली, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

"कुठे आहात तुम्ही?" फोनमधले दोलदाम आणि शेजारचे दोलदाम एकदमच म्हणाले. "मी केव्हाचा शोधतोय."

मला काही कळेना. "मी तुमच्या बाजूलाच आहे," मी म्हटलं. "पांढरी काठी घेऊन. दिसत नाही का?"

त्यांचे बूट फरशीवर हळूहळू वळले.

"दिसलात," ते म्हणाले. "आत्ता. मान पूर्ण वळवावी लागते मला. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आणि नळी दरवर्षी बारीक होतेय."

मी फोन कानाला तसाच धरून उभी. चहा, रस्ता, काठीची लाज, मोठी अक्षरं, अंधार पडायच्या आत घरी जाणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्या सगळ्याचा मी काय काय अर्थ लावला होता! आधी राग आला, खरं सांगते.

"मला का नाही सांगितलंत?"

"कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलंय, चालणं तब्येतीला बरं म्हणून गाडी विकली."

बायको. मी रुमाल काढून तोंड पुसलं, घाम आल्यासारखं.

"काठी आहे तुमच्याकडे?"

"पिशवीत. अजून वेष्टणही काढलं नाही."

"काढा."

"इथे? लोक बघतील हो."

"बघू द्या. आपल्याला कुठे दिसतंय!"

आणि तो माणूस हसला, इतका मोठ्याने की जाणारे-येणारे थबकले असतील. प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला, काठीच्या घड्या एकेक करून खटाखट जुळल्या. त्यांचा हात घेऊन माझ्या कोपरावर ठेवला. जिने मी सांगितले, सिग्नल त्यांनी सांगितला. दोघांच्या काठ्या सारख्या एकमेकींत अडकत होत्या. त्यांनी रस्त्यात आपलं खरं नाव सांगितलं, प्यो इनसू.

परीक्षेला धापा टाकत पोचले. मेदुप बोलला. मी लिहिलं. बरं लिहिलं की वाईट, आठवत नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

ओन्नीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यात आणखी एक."

"हो."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

तिने माझा अंगठा हातात घेतला आणि दाबत बसली. स्वतःबद्दल वाईट वाटतंय की त्या माणसाची काळजी वाटतेय, हे मला वेगळं करता येत नाही.

इनसू यांचा फोन येतो. बोलक्याचा वेग मी त्यांना गोगलगायीचा लावून दिलाय, तरी म्हणतात, "पळतोय, पळतोय!" मी त्यांना एकच सांगते, घरी सांगा. ते घसा साफ करतात आणि कंसांविषयी बोलायला लागतात.

९ डिसेंबर, शनिवार

सकाळी कळलं, उमेदवारी मिळाली. जानेवारीपासून देजॉन. मालिश केंद्रात सगळ्यांना मीच सांगितलं, तरी मलाच खरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज.

"तक मीरान तुम्हीच का?"

"हो."

"माझ्या नवऱ्याशी रोज फोनवर बोलता, त्या?"

"आम्ही मेदुपविषयी बोलतो," मी म्हटलं. "एडिटर आहे तो. म्हणजे, बसवायला अडचण येत होती, आणि..."

"माहीत आहे. त्यांनी काल सगळं सांगितलं." मागे कशावरचं तरी झाकण वाफेने थडथडत होतं. तिने ते बाजूला केलं असावं. "सगळं म्हणजे सगळं. डोळ्यांचं."

शिव्या देईल, रडेल, दोन्हीला मी तयार होऊन बसले.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "जेवायला बसले की ते चाचपडतात. इतके दिवस मला वाटायचं, लक्ष नसतं. आता हातात नेऊन दिलं तर चिडतात, नाही दिलं तर रस्सा सांडतात. तुम्हाला... तुम्हाला कसं वाढलेलं आवडतं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"घड्याळ सांगा," मी म्हटलं. "समोरचं मेज म्हणजे घड्याळ. भात आठवर, रस्सा चारवर, बाकी वाट्या बारापासून पुढे. जे जिथे आहे तिथेच ठेवा, आणि एकदाच सांगा. मग हात लावू नका."

"थांबा, फोन ठेवू नका हं."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. वाट्या सरकल्या. कुणीतरी घसा साफ केला.

"अहो, ऐका," ती लांबून म्हणत होती, शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी. "आठवर भात. चारवर रस्सा, गरम आहे. बारावर मासा."

"काटे?"

"आहेत. तुमचे तुम्ही काढा."

चॉपस्टिक ताटलीवर घसरल्या. पुन्हा घसरल्या. ती काही बोलली नाही. मी फोन बंद करायला हवा होता, दुसऱ्याच्या घरचं जेवण ते. पण नाही केला.